निरांजनाखालचं पितळ

दमलोय मी. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी म्हणायला नको की हा रविकांत फार कुरकुर करतो. सत्तावन्न वर्षं वय. त्यातली वीस वर्षं एअर फोर्समध्ये विमानांना बॉम्ब लावण्यात गेली आणि सोळा वर्षं कुवेतच्या वाळूतून दुसऱ्यांनी टाकलेले बॉम्ब हुडकण्यात. गुडघे गेले, डाव्या कानाला ऐकू कमी येतं, आणि उन्हात उभं राहिलो की डोकं भणभणतं. माणूस यंत्र असता तर मला कधीच भंगारात घातलं असतं.

पण सोमवारचं तिकीट हातात होतं. कायमचं परत जायचं, ओझरला. कंपनीचे कागद झाले होते, अकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, रद्द करायला दिला होता, खोलीतला फ्रिजसुद्धा एका केरळच्या माणसाला देऊन टाकला होता. गुरुवारी कौमुदीचं, माझ्या बायकोचं, डोळ्याचं ऑपरेशन. काचबिंदू. डावा डोळा गेल्या वर्षीच गेला, आता उजवा वाचवायचा. त्या डाव्या डोळ्यानं तिनं मला शेवटचं बघितलं ते मोबाइलवर. वडील वारले तेव्हा मी इथं होतो, मुलीच्या, शलाकाच्या, लग्नाला पाच दिवसांची रजा काढून पाहुण्यासारखा गेलो. ऑपरेशनला मात्र मी असणार, असा शब्द दिला होता. कौमुदी म्हणाली होती, "शब्द देऊ नकोस रे. नुसता ये."

तर शुक्रवारी दुपारी उदयनं जेवायला बोलावलं. सालमियात राहतो, तिसऱ्या मजल्यावर. पुण्याचा केमिकल इंजिनिअर, तेलाच्या कंपनीत. बायको प्रभा, मुलगी अक्षदा दहा वर्षांची. त्यांच्याकडे सहा वर्षांपासून पाच दिवसांचा गणपती बसतो. दर वर्षी बोलावणं यायचं आणि दर वर्षी माझी ड्यूटी दक्षिणेकडच्या तेलक्षेत्रात. तिथं तेलानं काळी झालेली जमीन खणून साफ करायचं काम चालतं, आणि खणण्याआधी आमची टोळी जमीन तपासते, कारण पूर्वीच्या लढाईतलं काय-काय अजून वाळूत पडलेलं आहे. तेव्हा सहा वर्षांत एकदाही आरती मिळाली नव्हती. प्रभा फोनवर म्हणाली, "भाऊजी, जाता-जाता तरी बाप्पाच्या पाया पडा." नाही म्हणायला तोंड नव्हतं.

बाहेर सत्तेचाळीस डिग्री. आत एसी घुमत होता, अठरा माणसं दाटीवाटीनं उभी. बायका पैठण्यांत, पुरुष नव्या झब्ब्यांत, झब्ब्यांच्या घड्या अजून मोडायच्या होत्या. उदयनं दार-खिडक्या बंद करून घेतल्या. "झांजा हळू वाजवा," तो म्हणाला, "खालच्या मजल्यावर बाळ आहे." इथं सगळं असंच, घरातल्या घरात, बेतानं. आरती सुरू झाली. मी मागं भिंतीला टेकलो, गुडघ्याला आधार म्हणून. टाळ्या वाजवत होतो आणि नजर सहज मखरापाशी गेली.

बाप्पाच्या उजव्या हाताला निरांजन जळत होतं. निरांजनाखाली पितळेची एक बैठक होती. लखलखीत. खाली रुंद, वर निमुळती, वरच्या टोकाला खोलगट वाटीसारखी जागा, आणि त्यात निरांजन असं बसलेलं की जणू मापानंच केलंय.

माझे हात थांबले.

ते मी ओळखलं. पितळ ओळखलं, आणि त्या पितळेची जन्मकुंडलीही ओळखली. अरे देवा, म्हटलं, इथंही माझी पाठ सोडायची नाही का?

विमानातनं टाकायच्या बॉम्बचा फ्यूज होता तो.

आता हे नीट सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल, एवढंसं पितळ, त्याला काय घाबरायचं. बॉम्ब स्वतः मठ्ठ असतो. नुसतं लोखंड आणि आतला माल. ट्रकमधनं पडला, कुणी लाथ मारली, तरी ढिम्म. त्याचं डोकं म्हणजे फ्यूज. आणि सगळी अक्कल खर्च झालीय ती फ्यूज फुटावा कसा यापेक्षा, तो फुटू नये कसा, यावर. जमिनीवर असताना तो झोपलेला पाहिजे, गाडीवर झोपलेला पाहिजे, विमानाखाली टांगला तरी झोपलेलाच. त्यासाठी एक पिन, तिला लाल फडकं. मग एक तार. मग टोकाला एक छोटा पंखा. आत एक आडपडदा, म्हणजे ठिणगी आणि माल यांची तोंडं एकमेकांसमोर येऊच नयेत. बॉम्ब विमानातनं सुटला की तार मागं राहते, पंखा वाऱ्यानं फिरतो, ठरलेले फेरे झाले की पंखा गळून पडतो आणि आतला पडदा सरकतो. तेव्हा फ्यूज जागा होतो. त्याआधी नाही.

आमच्याकडे पद्धत होती. विमान निघायच्या आधी सगळ्या पिना काढायच्या, मोजायच्या, आणि मूठ वर करून पायलटला दाखवायच्या. लाल फडकी वाऱ्यावर फडफडायची. पायलट मोजायचा, मान हलवायचा, मगच विमान हलायचं. एक पिन कमी पडली तर सगळं थांबायचं. आमचे जुने सार्जंट म्हणायचे, "फ्यूजला कधी विचारू नये, बाबा झोपलास का? तो खरं सांगत नाही."

प्रभाच्या निरांजनाखालच्या फ्यूजला पंखा नव्हता. पंखा जिथं असतो, त्याच खळग्यात निरांजन बसलं होतं. आणि पंखा नाही याचा अर्थ तो फिरून गळाला असणार. म्हणजे हा उठून बसलेला होता, आणि त्याच्या टाळक्यावर सहा वर्षं दिवा जळत होता.

अजून एक गोष्ट मला आठवली. पण ती नंतर. आधी माणसं.

"बॉम्ब" असं ओरडलो असतो तर दारात चेंगराचेंगरी झाली असती. शिवाय धावणाऱ्या पायांनी फरशी हादरते, मखर हादरतं. मी एसीच्या वर आवाज चढवला, "उदय, गॅसचा वास येतोय! कशालाही हात न लावता सगळ्यांनी खाली. चालत. धावायचं नाही."

आता ही तेलकंपनीची माणसं. आरती आयुष्यात शंभर वेळा म्हटली असेल, पण गॅसच्या ड्रिल दोनशे वेळा केल्यात. आरती अर्ध्या ओळीत थांबली. कुणी "कुठं?" विचारलं नाही. कुणी दिव्याचं बटण दाबलं नाही. बायकांनी मुलांचे हात धरले, चपला हातात घेतल्या, आणि लिफ्टकडं न बघता जिन्यानं एका रांगेत खाली. इतकं शिस्तीत, की एरवी मला कौतुक वाटलं असतं. मी मागोमाग उतरलो. इमारतीचा हारिस, म्हणजे राखणदार, दारात खुर्ची टाकून बसला होता. त्याला सांगितलं, वरच्या-खालच्या सगळ्या घरांची दारं वाजव, लोकांना बाहेर काढ. मग फुटपाथवर उभं राहून पोलिसांना फोन केला, काय आहे ते सांगितलं. दुसरा फोन तौफीकला.

तौफीक आमच्या टोळीतला मशीनवाला. रत्नागिरीचा, बावीस वर्षं कुवेतमध्ये, अरबी अशी बोलतो की कुवेती माणूसही वळून बघतो. म्हटलं, "तौफीक, फरवानियातून टॅक्सी पकड आणि सालमियाला ये. माझी अरबी पोलिसांपुढं चालायची नाही."

"काय केलंस दादा?"

"ये तू आधी."

एवढ्यात मागं उदय डोकी मोजत होता. ड्रिलच्या सवयीनं. "पंधरा, सोळा, सतरा." पुन्हा मोजली. "सतराच. अरे, प्रभा कुठंय?"

मी वर बघितलं. झालं! दुष्काळात तेरावा महिना.

तीन मजले चढलो. गुडघ्यांनी शिव्या दिल्या, मीही गुडघ्यांना दिल्या. दार उघडंच होतं. प्रभा मखरासमोर मांडी घालून बसलेली.

"वहिनी, चला खाली."

"गॅस मी सकाळीच बंद केलाय, भाऊजी. वासबीस काही नाही. आणि घरात गणपती असताना घर रिकामं ठेवत नाहीत. कुणीतरी लागतंच."

"वहिनी," मी म्हटलं. माझा आवाज मलाच वेगळा वाटला. "ते निरांजन कशावर ठेवलंय?"

तिनं बघितलं. हसलीसुद्धा. "हे होय? ओळखलं नाहीत? तुम्हीच तर दिलंत. म्हणजे, यांना सापडलं होतं वाळवंटात, आम्ही नवे-नवे होतो, त्या पिकनिकला. यांनी तुम्हाला विचारलं, हे काय आहे, आणि तुम्ही म्हणालात, रिकामं आहे, ठेव शोकेसमध्ये. इतकी वर्षं माळ्यावर होतं. गणपती बसवायला लागले तेव्हा काढलं. दर वर्षी चिंच-मीठ लावून घासते. कसं निघालंय बघा सोन्यासारखं."

हीच ती दुसरी गोष्ट. मला आठवलेली.

सोळा वर्षांपूर्वीची पिकनिक. मी कुवेतला येऊन तीन महिने झालेले. ही सगळी शिकलेली मंडळी, इंजिनिअर, डॉक्टर, आणि मी एक निवृत्त फौजी. उदयनं ते पितळ आणलं आणि सगळे माझ्याकडं बघायला लागले. एक्सपर्ट ना मी! हातात घेतलं, मागं बघितलं. मागचा आट्यांचा भाग पोकळ. पंखा नाही. म्हटलं, "काही नाही रे, रिकामं आहे." सगळ्यांनी माना डोलावल्या. काय छान वाटलं होतं मला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ते असं.

खरी गोष्ट अशी की एअर फोर्समध्ये मी फ्यूज बघितले ते पेटीतले, कोरे, झोपलेले. पडून न फुटलेला फ्यूज मी तोवर हातात धरलेला नव्हता. मागचा पोकळ भाग रिकामा दिसतो, पण आतल्या पडद्यात बोटाच्या पेराएवढी स्फोटकाची एक कुपी असते, ती बाहेरून दिसत नाही. पंखा नसणं म्हणजे मोडकं नव्हे, जागं. हे मी नंतर शिकलो, दक्षिणेच्या वाळूत. पण शिकल्यावर ते पिकनिकचं पितळ मला एकदाही आठवलं नाही. एकदाही! सोळा वर्षं एक पिन मोजायची राहिली होती, आणि मी मूठ वर करून मोकळा झालो होतो.

"वहिनी," मी म्हटलं, "मी तेव्हा चुकीचं सांगितलं. ते रिकामं नाही. असेलही, पण मला माहीत नाही, आणि माहीत नसताना मी सांगितलं. आता त्याला हात लावू नका. हळू उठा आणि खाली जा."

तिच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं, फक्त त्याच्या मागचा जीव गेला. तिनं दिव्याकडं बघितलं, मग दाराकडं, जिथनं अक्षदा गेली होती. "अक्षदा लावते रोज वात," ती म्हणाली. "सकाळ-संध्याकाळ. नाक अगदी जवळ नेऊन लावते हो."

मी दाराकडं हात केला.

ती उठली. दारापर्यंत गेली आणि थांबली. "पण बाप्पा एकटा?"

मी चिडणार होतो. खरंच सांगतो, ओठांवर आलं होतं, की कसला बाप्पा आणि काय, जीव वाचवा आधी. पण ती बाई थरथरत होती आणि तरी थांबली होती. म्हटलं, "मी बसतो. तुम्ही जा. मी आहे ना."

नियम काय सांगतो? मीही बाहेर जायचं. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी त्याला कामावरून हाकललं असतं. पण शब्द दिला. सोळा वर्षांत घरी दिलेला एकही पाळला नाही, हा एक पाळावा म्हटलं. स्वयंपाकघराच्या दाराआडच्या खांबामागं स्टूल ओढलं. खांब जाड होता. तिथनं मान काढली की बाप्पाचा उजवा कान आणि निरांजनाची ज्योत दिसायची.

ज्योत विझवावी का? त्यासाठी जवळ जावं लागलं असतं, निरांजनाला धक्का लागला असता. सहा वर्षं सोसलंय त्यानं, आणखी अर्धा तास सोसेल, तूप संपलं की आपोआप शांत होईल. हेच बरोबर. पण बरोबर असलं तरी बसून बघणं सोपं नव्हतं. स्वयंपाकघरात उकडीचे मोदक झाकून ठेवले होते, त्यांचा वास येत होता, आणि मला लाज वाटावी इतकी भूक लागली होती.

"बाबा रे," मी बाप्पाला म्हटलं, "तुझ्या डोक्याशी मी हे ठेवून गेलो. तू सहा वर्षं गप्प बसलास. मी असतो तर बसलो नसतो." मग मी त्याला कौमुदीचं सांगितलं. ऑपरेशनचं, सोमवारच्या तिकिटाचं. वीसेक मिनिटांनी ज्योत बारीक झाली, एकदा मोठी झाली, आणि गेली. मी खांबाला डोकं टेकलं. रडलो थोडा. कुणी नव्हतं बघायला.

नंतर जिन्यात बुटांचे आवाज आले. जाड जाकीट, काचेचा टोप घातलेला एक कुवेती तरुण, तिशीतला. मला बघून दचकला. इंग्रजीत म्हणाला, "तू इथं काय करतोयस? का थांबलास?"

काय सांगू त्याला? म्हटलं, "घरात पाहुणा आहे. पाहुण्याला एकटं सोडत नाहीत."

त्यानं माझ्याकडं बघितलं, मग मखराकडं. पाहुणा म्हटल्यावर त्याला कळलं असावं, कारण त्यानं काही विचारलं नाही. फ्यूजजवळ वाकला, हात मागं ठेवून, नुसता बघत. "पंखा नाही," तो म्हणाला.

"नाही."

"तुला माहितीय."

"सोळा वर्षं हेच काम करतो."

"मग हा इथं कसा आला?"

मी स्टूल उचलून जागेवर ठेवलं. त्यानं मला खाली पाठवलं. पाठ वळवताना बघितलं, तर तो निरांजन चिमट्यानं अलगद उचलून बाप्पाच्या पायाशी ठेवत होता.

खाली सगळी मंडळी कोपऱ्यावरच्या बकाल्यात, म्हणजे वाण्याच्या दुकानात, एसीखाली जमली होती. पैठण्या घामानं चिकटलेल्या, पोरं आइस्क्रीम खात होती. दुकानाच्या मागच्या खोलीत पोलीस अधिकारी पाण्याच्या बाटल्यांच्या ढिगावर बसून वही उघडून होता. समोर उदय आणि प्रभा. तौफीक पोचला होता, दुभाष्याच्या जागी उभा. थोड्या वेळानं कळलं की फ्यूज वाळूच्या पेटीत घालून नेला.

अधिकारी शांत होता, आणि शांत अधिकाऱ्याची मला जास्त धास्ती वाटते. त्यानं विचारलं, तौफीकनं मराठीत सांगितलं: कुठं मिळालं? कधी? घरात का ठेवलं? असली वस्तू घरात बाळगणं हा गुन्हा आहे, हे माहीत आहे का?

उदयचा चेहरा पांढराफटक. अठरा वर्षांची नोकरी, मुलीची शाळा, अकामा, सगळं त्या वहीत होतं. प्रभा पटकन म्हणाली, "आम्हीच आणलं. आम्हाला माहीत नव्हतं." माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही तिनं. आणि उदय? तोही माझ्याकडं बघत नव्हता. ही माणसं मला झाकत होती.

अधिकाऱ्यानं पुढचं विचारलं. तौफीकनं मराठीत सांगितलं, पण डोळे माझ्यावर. "विचारतोय, हे सुरक्षित आहे असं कुणी सांगितलं होतं का." मग त्याच सुरात, चेहरा न बदलता: "दादा, तोंड बंद ठेव. मी सांगतो त्याला, जुनी गोष्ट, कोण काय बोललं कुणाला आठवत नाही. याला पडताळायला जमणार नाय. यांना समज देतील, सही घेतील, फार तर दंड. तुझं नाव आलं तर तू जाणकार माणूस, तुझं प्रकरण वेगळं होईल. चौकशी संपेपर्यंत देश सोडता येणार नाय. सोमवार विसर."

बकाल्यात फ्रिज घुमत होता. सोमवार. ओझर. कौमुदीचा उजवा डोळा.

आणि खरं सांगतो, मी गप्प बसलो. पाच सेकंद असतील, दहा असतील. मनात हिशेब केला की उदयला दंड झाला तर तो भरेल, मी पाठवून देईन, माझं वय झालंय, मी दमलोय, मला जाऊ द्या. कुणीही समजून घेतलं असतं. प्रभानं तर आधीच समजून घेतलं होतं.

तेवढ्यात अक्षदा आत आली, हातात वितळलेलं आइस्क्रीम. आईच्या मांडीवर रेलली. तिच्या पुढच्या केसांची टोकं थोडी करपलेली होती, दिवा लावताना वाकल्यावर मुलींची होतात तशी. एवढंच.

"सांग त्याला," मी म्हणालो, "मी सांगितलं होतं. मी हातात घेऊन बघितलं आणि सांगितलं, रिकामं आहे. यांनी माझ्यावर विश्वास ठेवला."

"दादा, येडा झालास काय?"

"तौफीक. जसंच्या तसं."

त्यानं सांगितलं. आवाज जड झाला होता त्याचा. अधिकाऱ्यानं मान वर केली, मला नीट बघितलं, आणि वहीचं नवं पान उलटलं.

संध्याकाळपर्यंत सह्या चालल्या. उदयला समज देऊन सोडलं. माझा पासपोर्ट त्यांच्याकडं राहिला. किती दिवस, विचारलं, तर म्हणाला, दोन आठवडे, कदाचित चार.

रस्त्यावर उभं राहून घरी फोन केला. कौमुदीनं सगळं ऐकून घेतलं.

"कुणाला लागलं?" तिनं विचारलं.

"नाही."

"मग झालं. शलाका नेईल मला दवाखान्यात." मग म्हणाली, "आठ-दहा दिवसांनी नीट दिसायला लागेल म्हणतात. तेव्हा समोर असलास तर बघ."

या वेळी मी शब्द दिला नाही. "बघतो" एवढंच म्हणालो, आणि तिनंही पुढं ओढलं नाही.

रविवारी विसर्जन. गच्चीवर नाही, समुद्रावर नाही, बाल्कनीत मोठ्या बादलीत. मी गेलो. जायला दुसरं काम काय होतं? खोलीत फ्रिजही नव्हता. तौफीक मला सोडायला आला होता. टॅक्सीतच त्यानं सांगितलं होतं, ओळखीतून कळलेलं: ते पितळ त्यांनी वाळवंटात नेऊन उडवलं. आतली कुपी जिवंत होती. फुटली.

मी ते घरात कुणाला सांगितलं नाही. प्रभानं विचारलंही नाही. तिनं मला ताट वाढलं, मोदकावर तुपाची धार सोडली, आणि "भाऊजी, अजून एक" म्हणून आग्रह केला. माझ्याच्यानं तिच्या डोळ्यात बघवेना.

उत्तरपूजेची आरती व्हायची होती. अक्षदानं वात लावायला घेतली. निरांजनाखाली आता एक स्टीलची वाटी पालथी घातली होती, साधी, आमटीची. तिनं काडी पेटवली आणि थांबली. सगळ्यांत मला शोधलं.

"अंकल," ती म्हणाली, "इज धिस वन सेफ?"

सगळे हसले. उदयसुद्धा हसला. मीही हसायला हवं होतं, "हो गं बाई, वाटी आहे ती," म्हणायला हवं होतं. पण मला ते जमेना. काडी तिच्या बोटांपर्यंत जळत आली, तिनं ती फुंकून टाकली आणि वाट बघत राहिली.

मी भिंतीला धरून उठलो. मखरापाशी खाली बसलो. निरांजन उचलून बाजूला ठेवलं, वाटी उलटी केली, आत बघितलं, बोट फिरवलं. मग तिच्यासमोर धरली, तिलाही आत बघू दिलं.

"बघितली," मी म्हणालो. "आता लाव."